पशुप्रतिमांचा अर्थ : बीड परिसरातील काही नावांच्या आधारे

मूर्तिशास्त्रावरील सुगम ग्रंथांत आणि वस्तुसंग्रहालयांतील फलकांवर पशुप्रतिमांचा अर्थ सांगण्याची एक ठरीव रीत आढळते. सिंह म्हणजे पराक्रम, हत्ती म्हणजे ऐश्वर्य, बैल म्हणजे धर्म, कासव म्हणजे इंद्रियसंयम, अशी ही यादी असते आणि ती बहुधा सर्व देशांना लागू पडेल अशा विश्वासाने दिलेली असते. बाबिलोनचा सिंह, सारनाथचा सिंह आणि एखाद्या युरोपीय चर्चच्या द्वारावरील सिंह ही जणू एकाच शब्दाची निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेली रूपे होत, असे या रीतीत गृहीत धरलेले असते. रीत सोयीची आहे; पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ती हटकून भेटते. परंतु तिने प्रतिमेचा अर्थ लागतो असे मानणे कठीण आहे. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्यातील आणि त्याच्याशी इतिहासाने जोडलेल्या प्रदेशातील काही उदाहरणे घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे, की शिल्पातील पशू हा कोशातील शब्द नसून वाक्यातील पद असतो. त्याचा अर्थ त्याच्या जागेवरून आणि त्याच्या शेजाऱ्यावरून ठरतो. आणि लोकांनी त्या शिल्पाला अथवा त्या पशूला दिलेले नाव हे या अर्थनिश्चयाचे, पुष्कळदा एकमेव उरलेले, साधन असते.

हा विचार मुळात नवा नाही. शब्दाचा अर्थ वाक्याबाहेर पूर्णपणे ठरत नाही, हे आपल्याकडे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात विस्ताराने मांडले आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ संभवत असता त्यांपैकी नेमका कोणता घ्यावयाचा, हे ज्यांवरून ठरते अशा गोष्टी त्याने मोजून दिल्या आहेत : संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण इत्यादी. या प्रकरणी परंपरेने दिली जाणारी उदाहरणे पाहिली, तर त्यांत पशूंची गर्दी दिसते, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. 'हरि' या शब्दाचे विष्णू, इंद्र, सिंह, घोडा, वानर आणि बेडूक इतके अर्थ कोशकार देतात. शंखचक्रांचा निर्देश शेजारी आला की त्यांतला एकच उरतो. 'धेनु' म्हणजे दूध देणारी मादी. तिच्याबरोबर 'वत्स' आला तर ती गाय, 'किशोर' म्हणजे शिंगरू आले तर ती घोडी. आता शब्दाच्या ठिकाणी दगडात कोरलेली आकृती घाला. दगडातला हत्ती हत्तीच आहे याविषयी शंका नसते, म्हणून त्याचा अर्थही निःसंदिग्ध आहे अशी आपली समजूत होते. वस्तुतः 'हरि' जितका अनेकार्थी, तितकाच तो हत्तीही अनेकार्थी असतो. याचा पडताळा अंबाजोगाईस मिळतो.

अंबाजोगाई हे बीड जिल्ह्यातील जुने नगर. यादव नृपती सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे घराणे या नगराशी निगडित होते, आणि त्याची कन्या लक्ष्मी हिने युद्धात पडलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ येथे देवालय उभारल्याची नोंद करणारा शके ११६२ (इ. स. १२४०) चा संस्कृत शिलालेख अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. याच नगराच्या कडेला, योगेश्वरीच्या देवळापासून जवळच, खडकात खोदलेले एक मोठे शैव लेणे आहे. स्तंभांच्या रांगांनी तोललेला मंडप, समोर उघडे अंगण, अंगणात नंदीचा मंडप, भिंतीवर गणेश, सप्तमातृका आणि शिवाच्या मूर्ती, आणि अंगणात खडकातच कोरलेले हत्ती, अशी त्याची मांडणी आहे. या एका लेण्याला तीन नावे आहेत : शिवलेणी, जोगाईचा मंडप आणि हत्तीखाना.

ही तीन नावे म्हणजे तीन निरनिराळी वाचने होत. 'शिवलेणी' हे पाहणाऱ्याने देवतेवरून दिलेले नाव. त्यात हत्तींना स्वतंत्र स्थान नाही. ते देवाच्या परिसराची शोभा आणि राखण करणारे ठरतात. 'जोगाईचा मंडप' या नावामागे कथा आहे. देवी योगेश्वरी ही मूळची कोकणातली. तिचा विवाह परळीच्या वैद्यनाथाशी ठरला होता. मुहूर्ताची वेळ टळली आणि वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले. देवी कुमारिकाच राहून येथे वसली. कोकणस्थांची ही कुलदेवता घाटावर, इतक्या दूर का, या प्रश्नाचे उत्तरही ही कथा जाता जाता देऊन टाकते. या वाचनात मंडप हा लग्नाचा आणि अंगणातले हत्ती हे वऱ्हाडातले. ते शोभेचे नाहीत की राखणीचेही नाहीत. ते थांबलेले आहेत, शापाने म्हणा, वेळेने म्हणा. 'हत्तीखाना' या तिसऱ्या नावात मात्र देव नाही आणि देवीही नाही. तेथे हत्ती हाच वाक्याचा कर्ता झाला असून लेणे म्हणजे त्याला बांधण्याची जागा उरली आहे. हत्ती जागचे हललेले नाहीत. त्यांच्या भोवतीचे वाक्य तीनदा बदलले.

या तिसऱ्या नावाचा काळ भाषेच्या साहाय्याने काही अंशी बांधता येतो. 'हत्ती' हा शब्द संस्कृत 'हस्तिन्' या शब्दापासून प्राकृत 'हत्थि' या रूपाद्वारा मराठीत आला. हात असलेला पशू, असा त्याचा मूळ अर्थ. 'खाना' हे मात्र फार्सी पद आहे. 'तोफखाना', 'जामदारखाना' इत्यादी शब्दांनी आपल्याला ते परिचित आहे. अशा रीतीचा समास मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी सहज बसण्यास फार्सी ही राज्यकारभाराची भाषा होऊन काही काळ लोटलेला असला पाहिजे. देवगिरीचे राज्य इ. स. १३१८ मध्ये दिल्लीच्या सत्तेत विलीन झाले. तेव्हा 'हत्तीखाना' हे नाव त्यापूर्वीचे असण्याचा संभव जवळजवळ नाही. यात आणखी एक सूक्ष्म भेद आहे. राजदरबारी हत्ती ठेवण्याच्या जागेला 'पीलखाना' म्हणत. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीतही हाच शब्द येतो. अंबाजोगाईच्या लोकांनी दरबारी 'पील' घेतला नाही. 'खाना' तेवढा घेतला आणि हत्ती आपलाच ठेवला. तात्पर्य, हे नाव कोणा दप्तरदाराने दिलेले दिसत नाही. ज्यांनी सत्ताधीशांचे हत्ती बाहेरून, दारातून पाहिले, अशांचे ते नाव असावे, असे माझे मत आहे. पुढे निजामी राजवटीत या गावी घोडदळाची छावणी होती आणि गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जात असे. पागा आणि तबेले यांच्या शेजारात 'हत्तीखाना' हे नाव अधिकच रुळले असल्यास नवल नाही.

मूळ शिल्पकारांच्या मनात कोणते वाक्य होते, हा प्रश्न यामुळे निरर्थक होतो असे नाही. तो सोडविण्यासाठी वेरूळच्या कैलास लेण्याकडे पाहावे लागते, कारण अंगण, नंदीमंडप आणि मोकळे उभे हत्ती ही योजना तेथे भव्य प्रमाणावर सिद्ध झालेली आहे. राष्ट्रकूट कृष्ण पहिला (राज्यकाल सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळाशी निगडित असलेल्या या एकाच वास्तूत हत्ती किती निरनिराळी कामे करतो, हे मोजण्यासारखे आहे. प्रवेश करताच समोर गजलक्ष्मीचे शिल्प येते. तेथे हत्ती मेघाच्या जागी आहेत. सोंडेतील कुंभांनी ते लक्ष्मीवर जल ओततात. अंगणात दोन बाजूंना दोन हत्ती सुटे उभे आहेत. ते द्वारपालांच्या कुळातले. मुख्य देवालयाच्या अधिष्ठानावर हत्तींची रांग पाठीवर मंदिर तोलून उभी आहे आणि तिच्यातच सिंह मिसळलेले आहेत. येथे हत्ती म्हणजे भार वाहणारी पृथ्वी. त्याच डोंगररांगेतील धुमार लेण्यात (क्र. २९) अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाने गजचर्म वर ताणून धरले आहे, आणि तेथे हत्ती जिंकला जाऊन सोलला गेला आहे. पाऊस, राखण, भार आणि पराभव, असे हे चार अर्थ होत. 'हत्ती म्हणजे ऐश्वर्य' या कोशवाक्याने यांपैकी एकाही ठिकाणी काम भागत नाही; फार तर गजलक्ष्मीपाशी ते अर्धेमुर्धे लागू पडेल. अधिष्ठानावरील हत्तींची रांग पुढे शिल्पग्रंथांत 'गजथर' या नावाने नियमबद्ध झाली आणि कर्नाटकात हळेबीडला ती भिंतीच्या तळाशी संपूर्ण मंदिराभोवती फिरलेली दिसते. हत्ती खाली, त्यावर सिंह, त्याहून वर घोडे, मकर, हंस, असा तेथील क्रम पाहिला म्हणजे हा पदांचा क्रम आहे, नुसती पशूंची जत्रा नाही, हे ध्यानात येते.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रतिमेला वाक्य म्हणणे हे केवळ रूपक आहे. वाक्य बरोबर लावले की चूक, याची परीक्षा कशी करावयाची? आक्षेप रास्त आहे. सुदैवाने महाराष्ट्रात अशी परीक्षा करण्याची सोय काही ठिकाणी आहे, ती म्हणजे जेथे एकाच दगडावर लेखही आहे आणि पशूही आहे. द्विभाषिक लेखावरून अज्ञात लिपी उलगडावी, तशी या दगडांवरून प्रतिमा उलगडता येते.

कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळातील दानलेखांच्या शिळा पाहिल्या, तर त्यांच्या माथ्यावर बहुधा सूर्य, चंद्र, शिवलिंग आणि वासराला पाजणारी गाय कोरलेली असते; कधी जवळ तलवारही असते. खाली लेखात अमुक भूमी दिली, ती चंद्रसूर्य असेतो चालावी, असा आशय असतो. चित्र आणि लेख येथे एकच गोष्ट सांगतात. गाय म्हणजे दिलेली भूमी, वासरू म्हणजे ती उपभोगणारा, दूध म्हणजे अखंड उत्पन्न. व्याकरणकारांची 'सवत्स धेनु' दगडावर उतरलेली पाहावी, अशी ही आकृती आहे. वासरू खोडून टाका, आणि गाय केवळ गोमाता उरेल. दानाचा अर्थ नाहीसा होईल.

याच्या उलट टोकाला गधेगाळ आहे. तोही दानलेखाचाच दगड, विशेषतः शिलाहारांच्या कोकणात विपुल, परंतु देशावरही आढळणारा. माथ्यावर तेच चंद्रसूर्य, मध्ये लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांच्या संगाचे चित्र. हे दान जो मोडील त्याच्या मातेला ही शिवी, असा त्याचा अर्थ; 'गाळ' या जुन्या मराठी शब्दाचा अर्थच मुळी शिवी. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात अशा लेखांचा जो संग्रह आहे, तो भाषाभ्यासकांनी बहुधा रूपांसाठी आणि प्रत्ययांसाठी वाचला. दगडाच्या खालच्या भागाकडे सभ्यतेने दुर्लक्ष केले. अक्षीच्या लेखाचे वर्ष शके ९३४ की त्याहून दोन शतके नंतरचे, यावर किती शाई खर्च झाली! परंतु ज्या काळी गावात वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या काळी त्या दगडाचा परिणामकारक भाग कोणता असेल, याचा विचार करावा. लेख राजासाठी आणि ब्राह्मणासाठी होता. गाढव सर्वांसाठी होते.

आता या गाढवाचा अर्थ काय? पंचतंत्रातील वाघाचे कातडे पांघरलेले मूर्ख गाढव ते नव्हे. शीतलादेवीचे वाहन असलेले गाढव तर नव्हेच नव्हे. तेथे ते पूज्य देवतेखाली आहे आणि रोगाला गावाबाहेर वाहून नेणारे आहे. गाढव आणि नांगर एकत्र आले म्हणजे आणखी निराळा अर्थ निघतो. जमीन उजाड, अभद्र करावयाची असेल तेव्हा गाढवाचा नांगर फिरवीत. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरविल्याची हकीकत शालेय पुस्तकांतूनही सर्वांना ठाऊक आहे. ही चाल किती जुनी, याचा पुरावा ओरिसात मिळतो : कलिंगाधिपती खारवेलाच्या लेखात पिथुंड नगर गर्दभांच्या नांगराने नांगरल्याचा निर्देश वाचला गेला आहे. (तो लेख ज्या गुहेत आहे तिचे लोकांनी ठेवलेले नाव 'हाथीगुंफा' आहे. आपल्या हत्तीखान्याला पूर्वेकडे ही एक बहीण आहे म्हणावयाची.) तात्पर्य, गाढव आणि देवी, गाढव आणि नांगर, गाढव आणि स्त्री, ही तीन वाक्ये आहेत, 'गाढव' हा त्यांतील केवळ समान शब्द होय.

अन्य संस्कृतींकडे थोडे पाहिल्यास हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने स्पष्ट होतो. चिनी कलेत वटवाघूळ हे सौख्याचे चिन्ह आहे. भांड्यांवर, वस्त्रांवर पाच वटवाघळे एकत्र काढली की ती पाच सौख्ये झाली. आपल्याकडे घरात शिरलेले वटवाघूळ कोणाला सौख्यकारक वाटेल? त्याचे कारण प्राण्याच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौख्य या दोन्ही अर्थांच्या शब्दांचा उच्चार सारखाच, 'फू' असा, होतो. प्रतीक सर्वस्वी भाषेतून जन्मले. युरोपात याच्या उलट घडले. 'फिजिओलोगस' या ग्रीक ग्रंथाने आणि त्यावरून झालेल्या मध्ययुगीन पशुग्रंथांनी प्रत्येक प्राण्याला ख्रिस्ती धर्मातील एकेक अर्थ नेमून दिला. सिंहाचे छावे मेलेले जन्मतात आणि तिसऱ्या दिवशी बाप त्यांना जिवंत करतो, म्हणून सिंह हे पुनरुत्थानाचे चिन्ह. आपण ज्या कोशपद्धतीने आज आपल्या देवळांतील पशू वाचतो, तिचे एक मूळ या पशुग्रंथांत आहे, असे मला वाटते. तेथे ती पद्धत चालते, कारण तेथे कोश आधी लिहिला गेला आणि शिल्पकाराने तो पाहिला. अंबाजोगाईच्या पाथरवटापुढे असा कोश नव्हता.

आता सिंहाकडे वळू. बीडचा प्रदेश यादवांनंतर बहमनी, आणि पुढे निजामशाही, आदिलशाही, मोगल व निजाम यांच्या हाती फिरत राहिला. या सत्तांच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर एक पशू वारंवार दिसतो. देह सिंहाचा किंवा वाघाचा, कधी पंख, आणि पंजाखाली हत्ती. मराठी लेखक त्याला 'शरभ' म्हणतात. शरभ हा पुराणांतील अष्टपाद पशू. नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने हे रूप घेतले, अशी शैव कथा आहे. परंतु बीदरच्या बहमनी किल्ल्यात अशाच व्याघ्राकृतींनी मंडित झालेल्या दरवाजाचे नाव 'शर्जा दरवाजा' असे आहे. गुलाम याझदानी यांच्या बीदरवरील ग्रंथामुळे (१९४७) तो सर्वज्ञात झाला. 'शर्जा' हे फार्सी विशेषण असून त्याचा अर्थ क्रुद्ध, उग्र असा होतो आणि ते बहुधा सिंहाला लावतात. आदिलशाहीतील सरदारांचा 'शर्जाखान' हा किताब यातलाच. 'शरभ' आणि 'शर्जा' यांचे व्युत्पत्तीने काही नाते नाही. पण दोन्ही शब्द 'शर' ने सुरू होतात, दोन्ही एका सिंहसदृश उग्र पशूचे नाव सांगतात, आणि दोन्ही येऊन एकाच दरवाजावर उभे राहिले. पाथरवट एक, धनी दुसरा, येणारेजाणारे तिसरे. प्रत्येकाने आपापल्या भाषेत त्या पशूला हाक मारली. तेव्हा हे शिल्प 'हिंदू' की 'मुसलमानी', हा जो वाद अधूनमधून उकरला जातो, तो निदान मला तरी निष्फळ वाटतो. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या दरवाजावर हा पशू आहे, शिवनेरीच्या दरवाजावरही आहे. दोन्ही ठिकाणी तो दरवाजाच्या बाहेर पाहणाऱ्याशी बोलतो आणि एकच गोष्ट बोलतो.

या पशूच्या पंजातील हत्ती मोजून तितकी राज्ये जिंकल्याचे अनुमान काढण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. हत्ती पायांत, शेपटीच्या वेढ्यात आणि तोंडात धरलेले असतात. म्हणजे त्यांची संख्या प्रथम पशूच्या अवयवांवरून ठरते, राज्यांवरून नव्हे. प्रशस्तिकाव्यात शत्रूला हत्ती आणि राजाला सिंह म्हणण्याचा संकेत इतका रुळलेला होता, की अमुक हत्ती म्हणजे अमुक शत्रू असे सांगण्याची गरज शिल्पकाराला पडली नसावी.

या 'शर्जा'ची पुढील वाटचाल शिल्पाबाहेर, भाषेत झाली. मराठीत परभाषेतील 'श' चा 'स' होणे अपरिचित नाही. 'शाबाश' चे आपण 'शाबास' केलेच आहे. 'सर्जेराव' हे नाव आणि भूषण कवीने शिवाजी महाराजांना योजिलेले 'सरजा' हे विशेषण याच मुळाचे असावे. हा शब्द दरबारातून खाली उतरत उतरत अखेर गोठ्यात पोहोचला. बीडकडे, आणि सबंध महाराष्ट्रात, बैलजोडीला ठेवायचे अगदी आवडते नाव 'सर्जा-राजा' हे आहे. श्रावणी अमावास्येला पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून वेशीतून मिरवला जाणारा सर्जा हा मूळचा किल्ल्याच्या वेशीवरला सिंह आहे, हे त्याच्या धन्याला सांगितले तर तो हसेल. पण वेस दोघांनीही सोडलेली नाही.

अशीच अदलाबदल खंडोबाच्या परिवारात दिसते, आणि ती अधिक खोल आहे. बीड शहराच्या पूर्वेकडील टेकडीवर खंडोबाचे देवालय आहे. एक परंपरा ते सुलतानजी निंबाळकर या जहागीरदाराने बांधले असे सांगते, दुसरी महादजी शिंद्यांचे नाव घेते. देवळापुढे दोन अष्टकोनी दीपमाळा आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे ७० फूट, म्हणजे २१.३३ मीटर. त्यांच्या अंगावर मनुष्यांच्या व पशूंच्या आकृती कोरलेल्या असून त्यांपैकी बहुतेक आज विरूप झालेल्या आहेत. खंडोबाचे दोन पशू प्रसिद्ध आहेत, घोडा आणि कुत्रा. घराघरांतील देव्हाऱ्यांत असलेल्या टाकांवर देव घोड्यावर बसलेला आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा, अशी आकृती असते. परंतु देवाला वाहिलेल्या भक्ताचे नाव काय? 'वाघ्या'. भंडाऱ्याची पिशवी तो व्याघ्रचर्माची बाळगीत असे, आणि प्रत्यक्षात वागत असे कुत्र्यासारखा : देवाच्या दारी भुंकणे, कोटंब्यातील अन्न हात न लावता तोंडाने खाणे, हे त्याच्या उपासनेचे जुने प्रकार होत. रा. चिं. ढेरे यांनी 'खंडोबा' (१९६१) या ग्रंथात आणि पुढे गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांवरील आपल्या अभ्यासात (१९७६) या संप्रदायाचा जो ऊहापोह केला आहे, त्यावरून मराठी व कन्नड प्रदेशांत ही उपासना किती एकजीव आहे हे कळते. कर्नाटकात मैलाराच्या उपासकांतही श्वानवृत्ती आढळते.

वाघाचे नाव आणि कुत्र्याची कृती, ही विसंगती नव्हे काय? कोशपद्धतीने पाहिले तर आहे. जागेच्या दृष्टीने पाहिले तर नाही. रानाच्या सीमेवर उभा असतो तो वाघ; वाड्याच्या, मेंढवाड्याच्या सीमेवर उभा असतो तो कुत्रा. रानातला देव गावात आणि गडावर आला, तेव्हा त्याच्या दाराशी असणाऱ्याने नाव जुन्या जागेचे राखले आणि काम नव्या जागेचे पत्करले. खेड्यापाड्यांतून राखणीच्या कुत्र्याचे सर्वांत रूढ नाव 'वाघ्या'च असते, हे येथे ध्यानात घ्यावे. सिंहाचे नाव बैलाला, वाघाचे नाव कुत्र्याला. रानटी पशूचे नाव माणसाळलेल्या पशूने घ्यावयाचे, हा एक भाषिक नियमच दिसतो. अर्थात सर्जाच्या बाबतीत राखणीचा दुवा नाही, बळाचा आहे. दोन्ही उदाहरणे एकाच सूत्रात कोंबण्याचा मोह टाळला पाहिजे. दत्ताच्या पायाशी बसलेले कुत्रे हे वेद समजले जातात, हेही सांगून ठेवतो. तेथे वाघाचा काही संबंध नाही.

या विवेचनाचा संशोधनपद्धतीशी निकट संबंध आहे. मराठवाड्यातील असंख्य गावांत भग्न देवळांचे अवशेष मारुतीच्या पारावर किंवा पिंपळाखाली रचून ठेवलेले दिसतात. वीरगळाला शेंदूर लागून तो म्हसोबा झालेला असतो. त्यावरील गाई, ज्यांच्या रक्षणासाठी तो वीर पडला, शेंदराच्या थराखाली बुजून गेलेल्या असतात. अशा ढिगातून एखादा चांगला हत्ती किंवा व्याल उचलून संग्रहालयात नेला, तर वस्तू वाचते, हे खरे. पण वाक्य मोडते. तो गजथरातला होता की द्वाराशी उभा होता, हे मग कोणी सांगू शकत नाही, आणि फलक लिहिणारा निरुपायाने 'ऐश्वर्याचे प्रतीक' असे लिहितो. म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक पशुप्रतिमेची उंची आणि दगड यांच्याबरोबर तिचे मुख कोणत्या दिशेस आहे, तिच्या खाली, वर व शेजारी काय आहे, आणि गावातील निरनिराळ्या समाजांतील माणसे तिला काय म्हणतात, हेही टिपावे. नाव विचारताना 'हा सिंह ना?' असे विचारू नये, 'हे काय?' एवढेच विचारावे. हत्तीखान्याची तीन नावे आज कोणत्या वाड्यांत, कोणत्या वयाच्या लोकांत, किती चालतात, याची नोंद व्हावयास हवी. शाळेत शिकलेली पिढी फलकावरील नाव उचलते आणि वऱ्हाड दगडाचे झाल्याची कथा आजीबरोबर जाते.

बीडच्या दीपमाळांचे काम तर यापेक्षा सोपे आहे. आकृती विरूप झालेल्या असल्या तरी त्यांच्या जागा हललेल्या नाहीत. कोणत्या थरावर कोणता पशू, घोडा मनुष्याच्या वर की खाली, कुत्रा आहे की नाही, त्यांपैकी किती देवाकडे तोंड करून आहेत आणि किती खालच्या शहराकडे, ही मोजणी एखादी दुर्बीण घेऊन दोघा विद्यार्थ्यांना सकाळच्या तिरप्या उन्हात एका दिवसात पुरी करता येईल.